मास्तरांच्या खाचा

मास्तर कुणाच्याही घरी आले की आधी अंगठा फिरवायचे. उंबऱ्यावरून, खिडकीच्या दगडावरून, घंगाळाच्या काठावरून, मिळेल त्या कडेवरून. मग वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "इथे एक खाच हवी." कोटाच्या आतल्या खिशात कानस असायचीच. घरच्यांनी चहाचं आधण ठेवेपर्यंत खाच पडलेलीही असायची. नको म्हणायला कुणाला सवडच मिळत नसे.

रत्नागिरीत मुलग्यांच्या इंग्रजी शाळेत ते शास्त्र शिकवत. मुलं त्यांना मागून 'कानसमास्तर' म्हणत आणि पुढ्यात चळचळा कापत. अंगाने काटकुळे, नाक लांब, बोलणं कमी. कुणी विचारलं, "मास्तर, बरं आहे ना?" तर "हो" म्हणण्याआधी ते खरंच विचार करायचे. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्यात तत्त्वाचा भाग किती आणि सरावाचा अभाव किती, हे मला सांगता यायचं नाही.

मी लग्न होऊन संगमेश्वराहून इथे आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मराठी सातवी पास होते. यातली पहिली गोष्ट काळाने दुरुस्त केली, दुसरी मास्तरांनी.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात आतून ओली व्हायची. खिडकीवर चांगला हातभर पुढे आलेला दगड होता, तरी भिंतीवरून पाणी ओघळायचं. मास्तरांनी दगडाच्या खालच्या अंगाला अंगठा लावला आणि तिथे, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीची खाच पाडली.

मी पदर सावरून म्हटलं, "पाणी वरून पडतं. खाच खाली पाडून काय उपयोग?"

"पाणी चिकट असतं, सूनबाई. दगडाच्या कडेपर्यंत येतं, पण खाली उडी मारायचा धीर होत नाही. मग दगडाच्या पोटाला धरून धरून भिंतीपर्यंत जातं. वाटेत खाच आली की पोट सुटतं. मग पडण्यावाचून गत्यंतर नाही."

मला हे पटलं नाही. भिंत त्या पावसाळ्यात कोरडी राहिली, पण तो मी योगायोग मानला. दिवाळीच्या आधी साफसफाई करताना मला ती खाच अर्धवट सोडलेल्या कामासारखी दिसली, म्हणून मी ती चुन्याने बुजवून गुळगुळीत केली आणि मागे उभी राहून आपल्या टापटिपीवर खूश झाले. पुढच्या आषाढात भिंतीला बुरशी आली. मास्तर आले, त्यांनी अंगठा फिरवला, चुना खरवडून काढला. जाताना फक्त एवढंच विचारलं, "सातवीला गुण किती होते?"

ते चांगले होते. पण मी सांगितले नाहीत.

आमच्या शेजारी द्वारकाकाकूंचं घर. काकू विधवा, मूलबाळ नाही, साठीच्या पुढच्या आणि जिभेने तिखट. मास्तर त्यांचे चुलत दीर. मास्तरांची बायको लवकर गेली, तेव्हापासून ते काकूंच्या पडवीलगतच्या खोलीत राहत आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवत. काकूंच्या हाताला अशी चव होती की त्यांचं साधं कुळथाचं पिठलं खाऊन माणूस भांडण विसरत असे. मास्तर कधी "छान" म्हणाले नाहीत. त्याऐवजी त्यांनी तेलाच्या बुधलीच्या चोचीखाली खाच पाडून दिली, म्हणजे ओघळ यायला नको. ताकाच्या भांड्याला पाडली. कढल्याला पाडली.

"माझ्या घरात एक भांडं धड ठेवलं नाही गो यांनी," काकू सांगायच्या. आणि बिनखाचेच्या भांड्यातून कुणी तेल ओतायला लागलं की म्हणायच्या, "ते नको, ते सांडतं."

दोन्ही घरांच्या मागे आगर होतं, माड आणि पोफळी. पाणी वरच्या डोंगरातल्या एकाच झऱ्याचं. ते पाटाने खाली येई आणि दोघांच्या हद्दीवर एका दगडी कुंडीत पडे. कुंडीच्या पुढच्या भिंतीला एकच अखंड चिरा होता आणि त्यात दोन खाचा. डावीकडचं पाणी काकूंच्या आगरात, उजवीकडचं आमच्या. चिरा अर्थात मास्तरांनी घडवलेला. आधी पाटालाच फाटा फोडून पाणी वाटत, आणि ज्याचा फाटा सरळ तो खुशीत, ज्याचा वळणावर तो शिव्या देत. मास्तर म्हणाले होते, "धावत्या पाण्याला वळायचा कंटाळा असतो. आधी त्याला कुंडीत बसवा, दम खाऊ द्या, मग वाटा." मी यायच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. तेव्हापासून दोन घरांत पाण्यावरून शब्द नव्हता.

मी आल्यावर झाला. माझा पायगुण म्हणणारेही दोघेतिघे निघाले.

त्या चैत्रात आमच्या पोफळी पिवळ्या पडायला लागल्या आणि काकूंच्या हिरव्यागार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पट्टी घेऊन कुंडीवर गेले. दोन्ही खाचा सारख्या रुंद, सारख्या उंच. तरी डावीकडची धार जाड दिसत होती. मामंजींनी मास्तरांना ओटीवर बोलावलं.

"मास्तर, चिरा तुम्ही घडवलात. तुम्ही जेवता त्या घरचं पाणी जास्त का, ते तुम्हीच सांगा."

"खाचा सारख्या आहेत," मास्तर म्हणाले.

"हे माझ्या पोफळींना सांगा."

मास्तर लाल झाले. मामंजी पुढे म्हणाले, "येत्या सोमवारी चारचौघांसमोर तुम्ही कारण सांगायचं. नाही तर मी चिरा फोडतो आणि कोर्टात जातो. मग पाट बंद, आणि निकाल लागेपर्यंत दोघांच्या आगरात सरपण."

रात्रीतून कुणी काही करत असेल या संशयाने मामंजींनी पहाटेपासून कुंडीवर लक्ष ठेवायचं काम मला दिलं. घरात मीच सातवी पास होते. मी करवंदीच्या जाळीमागे डोक्यावर पदर घेऊन बसायची, अंगाला मुंग्या डसायच्या, आणि मी अतिशय बारकाईने निरीक्षण करायची. सोमवार जवळ आला तेव्हा मास्तर स्वतःच जाळीपाशी आले.

"सूनबाई, काय पाहिलंत?"

"काही नाही."

"काही नाही, म्हणजे काय काय?"

"म्हणजे काही नाहीच. पहाटे काकू येतात. आंघोळ करून, ओलेत्याने. गंगेचं तोंड धुतात, फूल वाहतात, हात जोडतात, जातात. बाकी दिवसभर गुरं आणि मी."

"तोंड धुतात म्हणजे?"

"त्यांच्या खाचेच्या कडा घासतात. नारळाचं सोडण घेऊन, पुळणीची वाळू लावून. लख्ख करतात अगदी. मला मेलीला इतकं भक्तिभावाने कधी भांडंसुद्धा घासता येत नाही."

मास्तर तडक वळले. कुंडीपाशी जाऊन त्यांनी आधी आमच्या खाचेवरून अंगठा फिरवला, मग काकूंच्या. साऱ्या रत्नागिरीच्या कडांवरून अंगठा फिरवणाऱ्या या माणसाने आपल्या स्वतःच्या खाचेला इतक्या वर्षांत एकदाही हात लावून पाहिलं नव्हतं. स्वतः केलेली, तिला काय बघायचं!

"लावा हात," ते म्हणाले.

मी लावला. आमची कड टोचत होती. काकूंची चिंचोक्यासारखी गोल आणि गुळगुळीत.

"धारदार कडेवरून आत शिरताना पाणी अंग चोरतं. तुमची धार बघा, खाचेपेक्षा बारीक आहे. गोल कडेवरून ते निवांत येतं, खाच भरून वाहतं. पट्टीला दोन्ही सारख्याच दिसणार. पाण्याला नाही दिसत."

"म्हणजे काकू चोर?" मी उत्साहाने विचारलं. इतके दिवस मुंग्या चावून घेतल्या होत्या, काहीतरी हाती लागायला हवं होतं.

"वहिनी भाविक आहेत," मास्तर म्हणाले. "पाण्याला फरक कळत नाही."

तेवढ्यात पलीकडून काकूंची हाक आली, "भाऊजी, पान मांडलंय!" मास्तर उठले नाहीत. कुंडीच्या काठावर बसून राहिले. सांगितलं तर ते पान उठणार होतं, न सांगितलं तर आमचं आगर. हे माझ्यासारखीलाही कळलं, म्हणजे किती उघड असेल बघा.

मी अक्कल चालवली. "मास्तर, चिरा झिजला एवढंच सांगा ना. कुणी झिजवला ते कशाला?"

"आणि मंगळवारी पहाटे वहिनी परत घासतील, तेव्हा?"

दुसरी हाक आली. तिसरीला काकूंनी "आमटी निवली" असंही जोडलं. मग ते उठून गेले. त्या दिवशी ते काय जेवले कुणास ठाऊक.

सोमवारी सगळे कुंडीवर जमले. मास्तरांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं: गोल कड, धारदार कड, अंग चोरणारं पाणी. काकू शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"म्हणजे मी देवाचं केलं, त्याने यांचं पाणी चोरलं?"

"चोरलं नाही, वहिनी. वळलं."

"शाळेत असेल वेगळं. घरी एकच. आता काय करायचं म्हणता? माझ्या गंगेच्या तोंडाला कानस लावायची?"

"तुमच्या खाचेला मी हात लावणार नाही. यांची कड तुमच्यासारखी गोल करतो. आणि उद्यापासून तुम्ही दोन्ही खाचांची पूजा करायची. गंगा यांच्याकडूनही जातेच."

"माझं पाणी कमी होणार."

"हो."

"किती?"

"जितकं जास्त येत होतं तितकं."

माणसाने थोडं तरी गोड करून सांगावं! पण नाही. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. "करीन," त्या म्हणाल्या. "देवाचं आहे, त्यात माझं-तुझं नाही करायची. पण मास्तर, आजपासून तुमचं पान माझ्याकडे नाही."

भाऊजींचे मास्तर झाले ते सगळ्यांनी ऐकलं. मास्तरांनीही ऐकलं. मग ते खाली बसले आणि आमची कड गोल करायला लागले.

पोफळी सावरल्या. मामंजींनी कृतज्ञतेने मास्तरांना आमच्याकडे जेवायला बोलावलं, दोन्ही वेळा, कायमचं. स्वयंपाक तेव्हा माझ्याकडे आला होता. म्हणजे या गृहस्थाने आमचं आगर वाचवलं आणि त्याची शिक्षा म्हणून माझी आमटी खाल्ली. माझ्या आमटीत डाळ एकीकडे आणि पाणी दुसरीकडे जायचं, कुंडीची गरजच नाही. मुळात काटकुळे असलेले मास्तर आणखी वाळले. एकदा त्यांनी माझ्या भाकरीच्या कडेवरून अंगठा फिरवला, डोळे मिटले, उघडले, आणि काही न बोलता जेवायला लागले. काही दुखणी कानशीपलीकडची असतात.

काकू पहाटे दोन्ही खाचा घासत होत्या. डावीकडे जितके हात, उजवीकडे तितकेच. मास्तर समोर आले तर भिंतीकडे बघायच्या. निरोप द्यायचा झालाच तर, मास्तर दोन पावलांवर उभे असताना, मला सांगायच्या, "त्यांना सांग गो, त्यांचं धोतर माझ्या दोरीवर वाळतंय." मी सांगायची. मास्तर म्हणायचे, "वहिनींना सांगा, काढतो." असे चार-पाच पावसाळे गेले.

मग मास्तरांनी रेडिओचं मनावर घेतलं. मुंबईला गाणी आणि बातम्या हवेतून सोडतात हे ऐकून होतो, पण रत्नागिरीत ती कुणी पकडली नव्हती, निदान आमच्या आळीत तरी नाही. त्यांनी मुंबईहून एक काचेचा दिवा मागवला, बॅटऱ्या मागवल्या, कानाला लावायच्या दोन काळ्या चकत्या मागवल्या. तारेचं वेटोळं मात्र स्वतः गुंडाळलं. सुताने मढवलेली तार, एकाला एक लागून, सुंदर. वरची लांब तार बांधायला उंच जागा हवी होती आणि सगळ्यांत उंच माड काकूंचा.

"सूनबाई, वहिनींना विचारा, माडाला तार बांधली तर चालेल का?"

काकू अंगणातच तांदूळ निवडत होत्या. "त्यांना सांग, माडाला विचारा. मला काय विचारता?"

ही परवानगी होती.

वैशाखात एका संध्याकाळी खरोखरच आवाज आला. पण मृग लागला, हवा दमट झाली, वेटोळ्याचं सूत फुगलं, आवाज गेला. मास्तर वेटोळं चुलीजवळ शेकत, घटकाभर ऐकू येई, परत जाई. हे काकूंनी पडवीतून बघितलं असावं. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि हातात एक उभट पितळी डबा ठेवला.

"त्यांना सांग, यात ठेवा म्हणावं ते जानवं. माझ्या लग्नातला डबा आहे. आषाढात पापड भरले तर भाद्रपदात मोडताना आवाज होतो."

मास्तरांनी डबा दोन्ही हातांत घेतला. काठावरून अंगठा फिरवला. "इथे खाच हवी" असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "वहिनींना सांगा, उत्तम डबा आहे." इतक्या वर्षांत ही पहिली स्तुती. काकू भिंतीकडे बघत होत्या, पण ऐकलं त्यांनी.

संध्याकाळी आमच्या ओटीवर मास्तरांनी वेटोळं डब्यात उभं ठेवलं, झाकणाच्या फटीतून तारा बाहेर घेतल्या आणि चकत्या कानाला लावल्या. आम्ही तोंडाकडे बघत बसलो.

"येतंय?" मामंजींनी विचारलं.

मास्तर नेहमीप्रमाणे विचार करत राहिले. मग म्हणाले, "छान येतंय." आणि मांडीवर ताल धरला.

रोज संध्याकाळी हेच. मास्तर ताल धरायचे, पलीकडे काकूंचं तांदूळ निवडणं दिवेलागणीनंतरही संपायचं नाही. एकदा मी हट्ट धरला की मलाही ऐकायचंय. मास्तर चकत्या देईनात. मी घेतल्याच. कानाला लावल्या आणि काय सांगू? भिंतीला कान लावावा तसं. काहीही नाही. पण मास्तर रोज ताल धरतात, मामंजी समोर बसलेत, आणि मी सातवी पास.

"अगबाई, काय गळा आहे!" मी म्हटलं. "भैरवी ना?"

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, माझ्या संगीताच्या ज्ञानाने थक्क झाले.

मी ही भैरवी विहिरीवर, देवळात, जाईन तिथे वर्णन केली. ती शेवटी काकूंपर्यंत गेली. एका संध्याकाळी त्या हद्द ओलांडून सरळ आमच्या ओटीवर आल्या. "मला ऐकू दे," त्या मला म्हणाल्या, आणि चकत्या मास्तरांच्या डोक्यावरून काढून कानाला लावल्या. पुष्कळ वेळ ऐकलं.

"हे बंद आहे."

"नाही काकू, बारीक येतं. लक्ष द्यावं लागतं," मी म्हटलं.

"तू गप गो." त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मध्ये भिंत नव्हती, मीही नव्हते. "भाऊजी, कधीपासून बंद आहे?"

"डबा आल्यापासून."

"आणि मांडीवर ताल?"

"तो माझाच."

"पाण्याच्या वेळी माझ्या तोंडावर सांगितलंत. आता काय धाड भरली?"

"तेव्हा सांगून बघितलं होतं," मास्तर म्हणाले.

काकू खाली बसल्या. डबा मांडीवर घेतला. "माझ्या डब्यात वाईट काय ते सांगा."

"वाईट काही नाही. फार चांगला आहे, सलग आहे. तारेच्या वेटोळ्यातून वीज फिरते. तिचं बघून डब्याच्या पितळेतही वीज गोल फिरायला लागते, उलट्या दिशेने. मुंबईहून आलेलं जे काही असतं ते तिथल्या तिथे मारून टाकते."

"मग फिरू देऊ नका तिला."

आम्हाला सगळ्यांना पुढचा शब्द ठाऊक होता आणि मास्तर तो काही केल्या उच्चारेनात.

"बोला की. खाच ना?"

"वरपासून खालपर्यंत," ते हळूच म्हणाले. "झाकणाला, तळालाही. म्हणजे तिचा गोल रस्ता तुटेल. पाण्याला खाच पाडली की वाट होते, वहिनी. इथे वाट मोडते. पण हा तुमच्या लग्नातला—"

"लग्नातलं माणूस गेलं, मी डबा घेऊन बसू? काढा कानस."

काकूंनी डबा मांडीत घट्ट धरला आणि मास्तरांनी खाच पाडली. बराच वेळ लागला. पितळेचा कीस काकूंच्या लुगड्यावर पडत होता, त्यांनी झटकला नाही. मग वेटोळं आत गेलं, आणि मास्तरांनी खाच मेणाने बुजवली. मेण त्या लहरींना दिसत नाही म्हणे, दमट हवेला मात्र दिसतं. चकत्या त्यांनी आधी काकूंना दिल्या.

काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काय येतंय?" मामंजींनी विचारलं.

"कोणीतरी घसा खाकरतंय." थोड्या वेळाने, "आता गातोय. बरा गातो." मग मास्तरांकडे बघून, "तुमच्या तालात नाही."

मास्तर पहिल्यांदाच हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "तुमचे पापड आता सादळणार."

"सादळले तर तळायचे. तळले की काही कळत नाही. पण मी एकटी किती खाऊ? उद्या दुपारी पान मांडते."

मास्तर दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. माझ्या आमटीकडे त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला त्याचा राग आला होता, आणि तो बरीच वर्षं टिकला.

पुढे यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुंबईत नोकरी लागली. बोटीवर चढायच्या आदल्या संध्याकाळी मी नमस्काराला गेले तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. दोघं पडवीत बसले होते. दोन चकत्या एकाच तारेला, तार तोकडी. एक मास्तरांच्या कानाला, एक काकूंच्या, आणि मध्ये चिरलेला डबा. मास्तरांनी हात वर करून मला थांबवलं.

"बातम्या आहेत. पाऊस येण्याचा संभव आहे म्हणतात."

"मग हा पडतोय तो कुठला?" काकू म्हणाल्या.

"हा अजून मुंबईला कळलेला नाही."

मी मास्तरांच्या पायांशी वाकले. आशीर्वाद द्यायला ते पुढे झुकले, तशी तार ताणली गेली आणि काकूंचं डोकंही माझ्यावर झुकलं.

"ओढू नका हो," काकू म्हणाल्या. "माझं चाललंय ना ऐकणं."